सोन्याचे पत्रे आणि चियापासची माती

फर्ग्युसन हे नाव उच्चारले, की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पुण्याचे कॉलेज आणि त्याच्या मागची टेकडी उभी राहते. त्या कॉलेजला ज्यांचे नाव दिले ते सर जेम्स फर्ग्युसन मुंबईचे गव्हर्नर होते. मी आज ज्याची हकीगत सांगायला बसलो आहे तो फर्ग्युसन निराळा. हा कॅलिफोर्नियातला एक वकील. पक्षकारांची कामे पाहावीत, मुलाबाळांत रमावे, रविवारी चर्चमध्ये जावे, असा चारचौघांसारखा संसारी गृहस्थ. पण आपला धर्मग्रंथ अक्षर न् अक्षर खरा आहे हे जमीन उकरून जगाला दाखवून द्यायचे, असा ध्यास त्याने घेतला आणि ऐन उमेदीची वीस-पंचवीस वर्षे त्यापायी वेचली. जमिनीने उत्तर दिले. ते त्याला हवे होते तसे नव्हते. पण त्याने ते ऐकून घेतले. अशा वेळी माणसे बहुधा कान झाकून घेतात, म्हणून मला या वकिलाविषयी फार दिवसांपासून कुतूहल आहे.

त्याचे पूर्ण नाव थॉमस स्टुअर्ट फर्ग्युसन. जन्म १९१५ चा, अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या पोकाटेलो गावचा. पंथ मॉर्मन. आता हा मॉर्मन पंथ काय आहे, हे थोडे सांगितल्यावाचून पुढच्या गोष्टीतले मर्म ध्यानात यायचे नाही.

न्यूयॉर्क राज्यात पाल्मायरा नावाचे गाव आहे. तिथल्या एका शेतकऱ्याचा जोसेफ स्मिथ नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. १८२३ सालच्या सप्टेंबरात एका रात्री त्याला देवदूताचा दृष्टांत झाला. जवळच्याच टेकडीत सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेले एक पुस्तक पुरलेले आहे, असे देवदूताने सांगितले. चार वर्षांनी, १८२७ मध्ये, ते पत्रे आपल्या हाती आले असे स्मिथ म्हणे. त्यांवरची लिपी इजिप्तच्या लिपीचे बदललेले रूप होते आणि दैवी साहाय्याने आपण तिचे भाषांतर केले, असे त्याचे सांगणे. भाषांतर पुरे झाल्यावर पत्रे देवदूताकडे परत गेले. १८३० साली पाल्मायरातच ते पुस्तक छापून निघाले. त्याचे नाव ‘मॉर्मनचा ग्रंथ’. स्मिथला १८४४ साली इलिनॉय राज्यातल्या तुरुंगात शिरून जमावाने ठार केले. मग ब्रिगहॅम यंग या त्याच्या वारसाने अनुयायांना घेऊन पश्चिमेची वाट धरली आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या वैराण खोऱ्यात वसाहत केली. आज तो पंथ जगभर पसरला आहे.

ग्रंथातली कथा मोठी रोमहर्षक आहे. इसवी सनापूर्वी सहाशेच्या सुमारास लीहाय नावाचा एक सत्पुरुष कुटुंबकबिल्यासह यरुशलेम सोडतो आणि समुद्र ओलांडून अमेरिकेत येतो. त्याच्या मुलांत फूट पडून नीफाइट आणि लेमनाइट असे दोन वंश होतात. भाऊबंदकी म्हणजे काय ते आपल्याला समजावून सांगायला नकोच. पुनरुत्थानानंतर येशू ख्रिस्त या लोकांना दर्शन देतो, काही काळ शांततेत जातो, पुन्हा वैर पेटते आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस क्युमोरा नावाच्या टेकडीपाशी झालेल्या महायुद्धात नीफाइट नाहीसे होतात. त्यांचा सेनापती मॉर्मन याने संकलित केलेला वंशाचा इतिहास म्हणजेच ते सोन्याचे पत्रे.

आता गंमत पाहा. बायबलवर कोणाची श्रद्धा असो वा नसो, यरुशलेम नकाशावर आहे, जॉर्डन नदी वाहते आहे. मॉर्मनच्या ग्रंथातही नगरे आहेत, राजमार्ग आहेत, घोडे आणि रथ आहेत, पोलाद आहे, गहू आहे; पण त्यातले अमेरिकेतले एकही गाव नकाशावर बोट ठेवून दाखवता येत नव्हते. जॉन लॉइड स्टीफन्स याचे मध्य अमेरिकेतल्या प्रवासाचे पुस्तक १८४१ साली निघाले. कॅथरवुड या चित्रकाराने काढलेली रानात गडप झालेल्या माया नगरांची चित्रे त्यात होती. ती पाहून मॉर्मन मंडळींना हर्ष झाला, तो याच कारणाने. त्यांच्या वृत्तपत्राने १८४२ मध्ये त्या अवशेषांची लगोलग आपल्या ग्रंथाशी सांगड घातली. पुढची शंभर वर्षे हे असेच चालले. अवशेष दुसऱ्यांनी शोधावेत आणि यांनी त्यांवर आपला हक्क सांगावा.

फर्ग्युसनला हे पुरेसे वाटले नाही. तो बर्कलीच्या विद्यापीठात राज्यशास्त्र आणि कायदा शिकला. तिथेच वेल्स जेकमन या पुराणवस्तूंच्या अभ्यासू मॉर्मन तरुणाशी त्याची मैत्री जमली आणि मेक्सिकोच्या प्राचीन इतिहासाचे वेड लागले. १९४६ साली जे. विलर्ड मॅरियट या स्नेह्याबरोबर त्याने मेक्सिकोचा प्रवास केला. या मॅरियटच्या नावाची बडी हॉटेले आज मुंबई-पुण्यातही आहेत; त्या काळी मात्र त्याची उपाहारगृहेच होती, हॉटेले पुढे आली. लगेच १९४७ मध्ये फर्ग्युसनचे ‘क्युमोरा कोठे?’ हे पुस्तक निघाले. ग्रंथातली युद्धभूमी न्यूयॉर्कमधली टेकडी नसून मध्य अमेरिकेत कुठे तरी आहे, असा त्याचा पक्ष. १९५० साली मिल्टन हंटर या धर्माधिकाऱ्याबरोबर त्याने दुसरे पुस्तक लिहिले. इश्तलिल्होचित्ल हा मेक्सिकोतल्या जुन्या राजवंशाचा एक इतिहासकार. त्याच्या बखरीतल्या नोंदी आणि मॉर्मनचा ग्रंथ या दोघांनी त्यात शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या.

पण तो जातीचा वकील होता. दोन जबान्या जुळल्या म्हणून खटला सिद्ध होत नाही, मुद्देमाल कोर्टात हजर करावा लागतो, हे त्याला ठाऊक होते. म्हणून १९५२ साली त्याने ‘नवजगत पुरातत्त्व प्रतिष्ठान’ ही संस्था स्थापन केली आणि तिच्या सल्लागार मंडळावर माणसे घेतली ती पाहून थक्क व्हावे. अमेरिकी पुरातत्त्वाचा भीष्माचार्य आल्फ्रेड किडर, हार्वर्डचा गॉर्डन विली, न्यूयॉर्कच्या वस्तुसंग्रहालयाचा गॉर्डन एकहोम. यांपैकी एकही मॉर्मन नव्हता. उत्खनन शास्त्रशुद्ध व्हायचे आणि अहवालात धर्मग्रंथाचा शब्दही येऊ द्यायचा नाही, असा दंडक घालून घेतला. आपल्या बाजूचा साक्षीदार आपण पढवला, असा आरोप पुढे कोणी करू नये, ही त्यातली खुबी. पुरावा निघाला तर तो परक्याच्या तोंडून निघेल आणि मग त्याला नाही म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही! इतका आत्मविश्वास त्याला होता. रेडिओकार्बनची कालमापनाची युक्ती तेव्हा नुकतीच हाती आली होती आणि तिचेही त्याला मोठे कौतुक होते. तिच्यामुळे खोटे बोलायला जागाच उरणार नव्हती.

पैसा मात्र उभा राहीना. श्रीमंत मॉर्मनांचे उंबरे झिजवून झाले, स्वतःच्या खिशातलेही गेले. अखेर १९५३ मध्ये चर्चने पंधरा हजार डॉलर दिले, पुढे १९५५ पासून भरघोस अनुदान मिळू लागले.

त्या १९५३ च्या पहिल्या मोहिमेतला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. मंडळींनी मेक्सिकोच्या ताबास्को राज्यात काम सुरू केले होते. तिथून फर्ग्युसन आणि जॉन सोरेन्सन नावाचा एक तरुण अभ्यासक असे दोघे जीप घेऊन शेजारच्या चियापास राज्याची पाहणी करायला निघाले. आजवर कोणी नोंदली नव्हती अशी प्राचीन स्थळे त्यांना वाटेत एकामागून एक दिसत होती. सोरेन्सनने पुष्कळ वर्षांनी सांगितले, की स्थळांची टिपणे करण्यात फर्ग्युसनचे फारसे लक्षच नव्हते. गावकऱ्यांना तो एकच विचारीत असे: तुम्हाला कुठे घोड्याची मूर्ती सापडली आहे काय?

घोडाच का? अमेरिकेतले मूळचे घोडे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नामशेष झाले, असे शास्त्र सांगते. पुढे १५१९ साली कोर्तेस सोळा घोडे घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा तिथल्या लोकांना ते जनावर अपूर्वाईचे वाटले. मधल्या काळातला एक मातीचा घोडा जर मिळाला, तर मॉर्मनच्या ग्रंथाला केवढा आधार! बिचाऱ्याच्या पायांखाली तीन हजार वर्षांचा इतिहास पसरला होता आणि तो एक खेळणे शोधत होता. मी हे हसण्यावारी नेत नाही. एकदा मुलांची सहल घेऊन मी नाशिकच्या पांडवलेण्यांवर गेलो होतो. ही लेणी सातवाहनांच्या आणि क्षहरातांच्या काळातली, बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली, हे मी भिंतीवरचे शिलालेख दाखवून सांगितले. सगळे नीट ऐकून घेतल्यावर एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, “ते खरं गुरुजी, पण भीम कुठल्या खोलीत झोपायचा?” गोष्ट आधी कानांवर पडलेली असली, की डोळे तिलाच शोधतात.

चियापासमध्ये प्रतिष्ठानने पुढे जे काम केले ते मात्र अस्सल सोन्याचे होते. ग्रिहाल्वा नदीच्या काठी चियापा दे कोर्सो नावाचे गाव आहे. गावात आणि गावाभोवती मातीचे जुने उंचवटे. १९५५ पासून तिथे खणायला आरंभ झाला. पुरातत्त्वाचे काम सिनेमात दाखवतात तसे नसते. खजिना क्वचित, खापरे फार. कोणते खापर कोणत्या थरात, त्यावरची नक्षी कशी, भाजणी कशी, हे वर्षानुवर्षे टिपत बसायचे. अशा टिपणांतून चियापासच्या लोकवस्तीचा ख्रिस्तापूर्वी हजार-बाराशे वर्षांपासूनचा क्रम लागला. तोवर त्या मुलखाचा इतिहास जवळजवळ कोरा कागद होता. तिथेच एक फुटका शिलालेख मिळाला. त्यावर त्या लोकांच्या दीर्घगणनेतली मिती आहे आणि ती इसवी सनापूर्वी ३६ या वर्षाची येते. त्या पद्धतीची इतकी जुनी मिती दुसरीकडे मिळालेली नाही. मातीच्या मूर्तीही पुष्कळ निघाल्या. त्यांत घोडा नव्हता.

फर्ग्युसनचा धीर अजून खचला नव्हता. १९५८ साली ‘एक कळप, एक मेंढपाळ’ हे त्याचे मोठे पुस्तक निघाले. मेक्सिकोच्या पुराणातला केत्सालकोआत्ल हा पंखधारी सर्परूप देव म्हणजे अमेरिकेत आलेला येशूच, असे त्याने त्यात हिरिरीने मांडले. त्याचा मित्र जेकमन तर याहून पुढे गेला. चियापासच्याच इसापा या स्थळी एका शिळेवर झाड आणि त्याच्या भोवती बसलेली माणसे कोरलेली आहेत. लीहायला पडलेले जीवनवृक्षाचे स्वप्न ते हेच, असे त्याने जाहीर केले. मॉर्मनांच्या घराघरांत त्या शिळेची चित्रे गेली. पुढे १९९९ च्या सुमारास त्याच प्रतिष्ठानच्या जॉन क्लार्कने, जो स्वतः मॉर्मन, त्या झिजलेल्या शिळेचे नव्याने काटेकोर रेखाटन करवून घेतले. तेव्हा जेकमनने सांगितलेले बरेचसे बारकावे दगडावर नाहीत असे दिसून आले.

१९६१ मध्ये प्रतिष्ठान ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या अखत्यारीत गेले. फर्ग्युसन मंडळावर चिटणीस राहिला, पण सूत्रे दुसऱ्यांच्या हाती गेली. आणि मग १९६७ साल उजाडले.

त्याच्या श्रद्धेला तडा गेला तो मेक्सिकोच्या मातीने नव्हे, इजिप्तच्या कागदाने. ती कथा अशी. १८३५ साली एक फिरता प्रदर्शनवाला चार ममी आणि काही पपायरसच्या गुंडाळ्या घेऊन जोसेफ स्मिथच्या गावी आला. स्मिथच्या मंडळींनी चोवीसशे डॉलर मोजून ते सारे विकत घेतले. त्या गुंडाळ्यांत प्रत्यक्ष अब्राहामाचे लिखाण आहे असे सांगून स्मिथने त्यांचे भाषांतर म्हणून ‘अब्राहामाचे पुस्तक’ १८४२ मध्ये प्रसिद्ध केले. पंथाने पुढे त्याला धर्मग्रंथाचा मान दिला. मूळ गुंडाळ्या १८७१ च्या शिकागोच्या आगीत जळाल्या असाच समज होता. आणि एकाएकी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयात त्यांतले अकरा तुकडे निघाले! २७ नोव्हेंबर १९६७ रोजी ते चर्चच्या स्वाधीन करण्यात आले.

सोन्याचे पत्रे देवदूताने नेले होते, ते कोणाला तपासता येत नव्हते. हे तुकडे समोर होते आणि आता इजिप्तची लिपी वाचणारे पंडितही होते. फर्ग्युसनने काय करावे? त्याने हंटरकडून तुकड्यांची छायाचित्रे मिळवली आणि ती सरळ बर्कलीच्या हेन्री लुट्झ आणि लिओनार्ड लेस्को या इजिप्तविद्येच्या तज्ज्ञांपुढे नेऊन ठेवली. पुन्हा तोच वकिली खाक्या. दोघांचेही मत एकच पडले: मृतांबरोबर थडग्यात ठेवण्याचे हे नेहमीचे मंत्र आहेत, अब्राहामाशी त्यांचा संबंध नाही. इतर पंडितांचे वाचन याहून निराळे निघाले नाही आणि हे तुकडे अशाच मंत्रांचे आहेत, हे चर्चनेही २०१४ साली आपल्या लेखात नमूद केले. श्रद्धावंत मंडळी यावर वेगळा अर्थ लावतात. स्मिथला त्या कागदांतून प्रेरणा झाली, शब्दशः भाषांतराचा प्रश्नच नाही, असे ते म्हणतात. तो त्यांचा अधिकार आहे. फर्ग्युसनच्या वकिली मनाला मात्र ती पळवाट वाटली असावी.

इथून पुढचा फर्ग्युसन बोलका राहिला नाही. १९७५ साली मॉर्मनच्या ग्रंथातल्या भूगोलावर एक लेखी परिसंवाद झाला. त्यासाठी त्याने एकोणतीस पानांचा निबंध धाडला. ग्रंथातल्या वनस्पती, प्राणी, धातू आणि लिपी या चार कसोट्या त्याने घेतल्या आणि एकेक तपासून पाहिली. पुराव्यात गहू नाही, मका आहे. घोडा नाही, गाढव नाही, शेळ्यामेंढ्या नाहीत. त्या प्रदेशात धातुकाम सुरू झाले तेच सातव्या शतकाच्या सुमारास, म्हणजे ग्रंथातली कथा संपून गेल्यावर. इजिप्तची वा हिब्रू लिपीची एक ओळही नाही. आपणच दाखल केलेला खटला आपणच काढून टाकावा, तसे हे लेखन आहे. १९७६ च्या एका खाजगी पत्रात तर त्याने स्पष्टच लिहिले, की ग्रंथ कल्पित असल्यामुळे त्याचा भूगोल जमिनीवर कुठेच बसवता येणार नाही.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, मग त्याने पंथ सोडला असेल. नाही सोडला. रविवारी तो पूर्वीसारखाच चर्चमध्ये जात राहिला. तिथे मिळतो तसा बंधुभाव दुसरीकडे मिळत नाही, असे तो खाजगीत लिही. याला कोणी दुटप्पीपणा म्हणतील. मला तसे म्हणवत नाही. बायको-मुले, सोयरेधायरे, साऱ्या आयुष्याची माणसे जिथे आहेत, ते घर भिंतीवरच्या तसबिरीविषयी शंका आली म्हणून माणूस सोडतो काय? मात्र ज्या हजारो भाविकांनी त्याची पुस्तके वाचून आपली श्रद्धा पक्की केली होती, त्यांना त्याने उघडपणे काही सांगितले नाही, हे मला खटकते. पुराव्याची एवढी चाड असलेल्या माणसाने ते सांगायला हवे होते.

१६ मार्च १९८३ रोजी टेनिस खेळता खेळता त्याला मृत्यू आला. वय अडुसष्टाच्या आत.

चार वर्षांनी, १९८७ मध्ये, त्याच्या १९५८ च्या पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती नव्या नावाने निघाली. तिच्यावर ब्रूस वॉरन या अभ्यासकाबरोबर फर्ग्युसनचेही नाव आहे. वडिलांची श्रद्धा शेवटपर्यंत अभंग होती, असे त्याच्या मुलाचे म्हणणे. स्टॅन लार्सन याने १९९६ मध्ये लिहिलेल्या चरित्रात ती कशी विरत गेली, हे त्याच्याच पत्रांवरून दाखवले. त्यावर मॉर्मन पंडितांनी उत्तर दिले, की फर्ग्युसन हौशी माणूस होता, पुरावा म्हणजे काय याविषयीच्या त्याच्या कल्पना भाबड्या होत्या, तेव्हा त्याच्या निराशेवरून ग्रंथाविषयी काही ठरत नाही. हौशी तो होताच. पण माया संस्कृतीचा गाढा पंडित मायकल को याने १९७३ सालीच लिहून ठेवले होते, की या प्रतिष्ठानने केलेले काम उत्तम आहे. को मॉर्मन नव्हता आणि ग्रंथाच्या ऐतिहासिकतेवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता.

चियापा दे कोर्सोचे उंचवटे अजून संपलेले नाहीत. २०१० साली तिथल्या एका पिरॅमिडच्या पोटात सुमारे सत्तावीसशे वर्षांपूर्वीचे एका मातब्बर पुरुषाचे थडगे उघडले. जेड या हिरव्या दगडाचे अलंकार त्याच्या अंगावर होते. ते खणणाऱ्यांत मेक्सिकोच्या तज्ज्ञांबरोबर फर्ग्युसनच्या प्रतिष्ठानची माणसे होती. त्या स्थळी खणण्याचा पायंडा पडला तो त्या जीपवाल्या वकिलाच्या हट्टामुळे, हे तिथे राबणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

त्याची पत्रे आणि कागद आज सॉल्ट लेक सिटीत, युटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. कोणीही अभ्यासकाने जाऊन पाहावेत. त्या ग्रंथालयाला नाव आहे जे. विलर्ड मॅरियट याचे, १९४६ साली त्याच्याबरोबर मेक्सिकोला गेलेल्या त्याच स्नेह्याचे.